हिरव्या वहीतलं नाव खोडा

टाचणीबाईंच्या दुकानात येऊन 'जरा नीट करून द्या' म्हणणाऱ्याची धडगत नसे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक शिलाई मशीन, एक इस्त्री, खुंट्यांवर परक्यांचे कपडे आणि मधोमध गिऱ्हाइकाला उभं करायला लाकडी खोका. नवे कपडे त्या शिवत नसत. विकत घेतलेला, भावाकडून मिळालेला, घट्ट झालेला, ढगळ झालेला कपडा अंगाला बसवून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. तोंडात चार टाचण्या धरून त्या विचारत, "नीट म्हणजे काय? कुठे खुपतंय ते सांगा. खांद्यात? काखेत? बसताना की चालताना?" गिऱ्हाईक गोंधळायचं. कपडा बसत नाही एवढंच त्याला ठाऊक असायचं, कुठे ते कुणी विचारल्यावरच कळायचं.

दुसरा नियम याहून कडक होता. ट्रायल घेतल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जाणार नाही. तुमचं लग्न दारात उभं असो नाहीतर गाडी सुटत असो. "घाला. हात वर करा. वाका. आता बसा. बरं, न्या." एका वकिलाने एकदा कोट न घालताच पिशवीत भरला, तर बाई उठून त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या आणि फुटपाथवर त्याला हात वर करायला लावले. तोही मुकाट्याने हात वर करून उभा राहिला. वकिलाला असं उभं राहिलेलं पाहून रस्त्यावरच्या माणसांना किती बरं वाटलं असेल!

टाचणी हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. तो बस स्टँडवर घोषणा करायचा. फलाट क्रमांक सहावर लागलेली गाडी, पावणेदहाची, आज वीस मिनिटं उशिरा. हे सगळं सव्वीस वर्षं त्याच्याच तोंडून शहराने ऐकलं. दोस्तमंडळी त्याला भोंगा म्हणत. दिवसभर बोलून माणूस घरी आल्यावर गप्प बसेल, तर तेही नाही. "आमटीत मीठ कमी असल्याकारणाने जेवण दहा मिनिटं उशिरा सुटेल," असं तो ताटावर बसून जाहीर करी, आणि बाई म्हणत, "अहो, बटण बंद करा तुमचं." त्याने कधी बंद केलं नाही, आणि केलं असतं तर बाईंनाच करमलं नसतं.

रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोघंही जात. भोंग्याचा आवाज गाण्यात सगळ्यांच्या वर. बाई बेताच्या गाणाऱ्या. प्रार्थना मात्र त्या कामासारखी करत, म्हणजे नेमकी. 'सर्व आजाऱ्यांना बरं कर' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारबांना काल झोप लागली नाही, डावा गुडघा आहे त्यांचा, तेवढं बघ," असं म्हणत. लोकांना ते जरा गावंढळ वाटायचं.

लोकांना असं वाटण्याचं कारण होते हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा त्यांनी आपल्याकडे घेतली होती आणि तिची शाळा केली होती. परिणामकारक प्रार्थना कशी करावी, यावर त्यांनी सहा आठवड्यांचा वर्गच घेतला. फळ्यावर क्रम लिहून दिला: आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग उपकारस्तुती, म्हणजे आभार, आणि सगळ्यात शेवटी, थोडक्यात, मागणी. खाली दोनदा अधोरेखित, की शंका घ्यायची नाही. मागितलेलं मिळालंच असं धरून आधीच आभार मानायचे. त्यांच्याकडे दोन वह्या असत. तांबडीत विनंत्या, हिरवीत मिळालेली उत्तरं. तांबडीतलं नाव हिरवीत गेलं की सर चष्मा पुसत. माणूस वाईट नव्हता, उगाच त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण खडू खाली ठेवायची सवय त्यांना कधीच लागली नाही.

मग अकरा महिन्यांपूर्वी एके सकाळी भोंगा दाढी करता करता आरशासमोर थांबला. हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं. बाईंनी विचारलं, काय झालं, तर त्याने तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही.

मेंदूत गुठळी, डॉक्टर म्हणाले. महिन्याभरात पाय चालू लागला, तीन महिन्यांत हात. वाचा आली नाही. समजायचं सगळं. वर्तमानपत्र उलटं धरलं तर सरळ करायचा, हिशेबात बाई चुकल्या तर बोट ठेवायचा. पण बोलायला गेला की एकच, "ते... ते... ते." पाणी हवं, तरी ते. पंखा लावायचा, तरी ते. एकदा बाईंनी बशी दिली, टॉवेल दिला, चष्मा दिला, आणि चौथ्या खेपेला त्याने पेला भिंतीवर फेकला. मग दोघांनी मिळून काचा वेचल्या. त्याला खिडकी उघडून हवी होती, हे काचा वेचताना त्याने वर पाहिलं तेव्हा कळलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं. बसने नेलं तर स्टँडवर उतरावं लागे, आणि तिथे लाउडस्पीकरमधून दुसऱ्याचा आवाज कानावर पडला की हा बाकावर बसे आणि उठतच नसे. बाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि हात टेकले. तेव्हा मंडळीची व्हॅन कामी आली. तांबड्या वहीत ज्यांची नावं, त्या आजाऱ्यांना ती नेई-आणी. सहा महिने ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिन्यासमोर उभी राहत होती. 'ते'च्या जोडीला आता कधी कधी एखादं 'हं' यायला लागलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, हे वर्ष महत्त्वाचं, आता खंड पडला तर हाती आलेलंही निसटेल.

मग तो रविवार आला.

आजारपणानंतर भोंगा पहिल्यांदाच उपासनेला आला होता. शेजारी बाई, पलीकडे त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या नणंद. सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला उभे राहिले आणि दुसऱ्या ओळीला बाईंच्या कानाशी तो आवाज आला. तोच. भरदार, एकही अक्षर न गाळता, शेवटपर्यंत. पुढच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. मग गीत झालं, तर त्याची तिन्ही कडवी. नणंद ढसाढसा रडायला लागल्या. बाईंनी त्याचा हात घट्ट धरला, आणि खरं सांगायचं तर मिनिटभर त्यांनाही वाटलं की झालं, सुटलो.

हेडमास्तर तरातरा पुढे गेले. त्यांच्या हातात हिरवी वही होती. आपल्या बंधूची वाचा देवाने पूर्णपणे परत दिली आहे, असं त्यांनी जाहीर केलं, वहीत नाव लिहिलं आणि सगळ्यांना माना लववून आभाराची प्रार्थना सुरू केली.

बाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अहो, पाणी देऊ?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "ते," तो म्हणाला. "ते... ते." आणि त्याचे डोळे भरून आले.

"...आपल्या सेवकाला तू संपूर्ण बरं केलंस," हेडमास्तर म्हणत होते.

"नाही केलेलं," टाचणीबाई म्हणाल्या.

त्या कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही. सगळ्या माना वर आल्या. नणंदेने त्यांच्या फ्रॉकची बाही ओढली. बाईंनी ती सोडवून घेतली.

"सर, यांना पाठ असलेलं येतंय. मनातलं एक अक्षर येत नाही. आत्ता विचारलं मी. त्या वहीतलं नाव खोडा."

"बाई, आपण प्रार्थनेत आहोत," हेडमास्तर म्हणाले.

"म्हणून तर सांगतेय. देवाला खोटं कशाला सांगायचं? तो इथेच आहे ना?"

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, मवाळ गृहस्थ. ते पुढे झाले, आपण नंतर बोलू म्हणाले आणि पेटी वाजवणाऱ्याला पुढचं गीत वाजवायची खूण केली. नंतर कुणी बोललं नाही. दाराशी तीन बायांनी बाईंना पाहून न पाहिल्यासारखं केलं. चौथीने जवळ येऊन सांगितलं की अशा अविश्वासानेच आलेलं उत्तर परत जातं. बाई म्हणाल्या, "परत जायला आधी यावं लागतं." घरी नणंदेने तोंडसुख घेतलं ते वेगळंच. "चारचौघांत शोभा केलीस. मान हलवून गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"ताई, तुमच्या भावाचं बिघडलं असतं," बाई म्हणाल्या.

आणि बिघडलंच. मंगळवारी व्हॅन आली नाही. बाईंनी फोन केला तर ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "मावशी, यादीत नाव नाहीये. बरे झाले ना काका? त्यांच्या जागी दुसरे आजोबा घेतलेत." त्याचा काय दोष? यादी असेल तशी व्हॅन जाणार. भोंगा शर्टाची बटणं लावून, केस विंचरून खुर्चीत बसला होता. अर्ध्या तासाने त्याने स्वतःच बटणं काढायला सुरुवात केली. बाईंना त्याच्याकडे पाहवेना.

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडमना नवल वाटलं नाही. आकडे, वारांची नावं, गाणी, रोजच्या प्रार्थना, शिव्यासुद्धा, हे घोटून घोटून वेगळ्या कप्प्यात बसलेलं असतं, त्या म्हणाल्या. ते आपोआप येतं, त्यासाठी शब्द शोधावे लागत नाहीत. चांगली खूण आहे, पण ते बोलणं नव्हे. आणि एक करा, त्यांना शब्द सापडत नसेल तेव्हा तुम्ही भरू नका. थांबा. मनात वीस म्हणा, चाळीस म्हणा. थांबणं फार जड जातं माणसांना.

दुपारी हेडमास्तर दुकानात आले. समजूत घालायलाच आले होते, पण बाईंची नजर आधी त्यांच्या कोटाकडे गेली. बाहीचं अस्तर उसवून लोंबत होतं आणि कोट खांद्यावरून ओघळत होता.

"खोक्यावर चढा, सर."

"मी त्यासाठी आलो नाही."

"चढा तर. बोलत बोलत होईल. हात बाजूला."

हेडमास्तर चढले. हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला बोट रोखून बोलता येत नाही, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

"तुम्ही शंका घेतलीत, बाई. सगळ्यांसमोर. प्रार्थनेला त्याने बाधा येते."

"शंका कसली? मला पक्कं माहीत आहे, वाचा आलेली नाही. तो देऊ शकत नाही असं मी म्हटलं का? दिलेली नाही म्हटलं. ट्रायल न घेता माल पोचला म्हणून सही करणाऱ्यातली मी नाही." त्यांनी खांद्यात टाचणी खोचली. "किती सैल झालाय हा. कधीपासून?"

हेडमास्तरांनी मान वळवून खांद्याकडे पाहिलं. "ही गेल्यापासून," मग म्हणाले. त्यांची पत्नी पोटाच्या दुखण्याने गेली, त्याला चार वर्षं झाली होती. सगळ्यांना माहीत होतं, सरांनी मात्र तो विषय कुणापुढे कधी काढला नव्हता. "तिचं नाव मी हिरव्या वहीत लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात. विश्वासाने. आम्ही रोज संध्याकाळी आभार मानायचो. तीन महिने. त्या तीन महिन्यांत ती एकदाही दुखतंय म्हणाली नाही."

"तुम्ही म्हणू दिलंत?"

हे बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, बाईंना ठरवता आलं नाही. हेडमास्तर हात पसरून तसेच उभे होते. बाईंनी 'खाली घ्या' म्हटलं नव्हतं म्हणून त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

"घ्या हात खाली, सर," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी उद्या येतेय. यांना घेऊन. मला माझ्या पद्धतीने प्रार्थना करू द्या, एकदाच. नंतर वाटलं तर देवळातून काढून टाका."

हेडमास्तर खोक्यावरून उतरले. कोट तिथेच ठेवून गेले.

बुधवारी पाच वाजता हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. अकरा माणसं, त्यांत नणंदही. बाईंनी नवऱ्याला शेजारी बसवलं. हेडमास्तर नुसत्या शर्टात आले, त्यामुळे ते एकदम लहान दिसत होते. मांडीवर दोन्ही वह्या. क्रमाप्रमाणे स्तुती झाली, कबुली झाली. उपकारस्तुतीची पाळी आली तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बाई, तुम्ही."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"देवा, मी क्रमाने करणार नाही. मी रागावलेय. तुला ठाऊक आहे, तरी सांगते. अकरा महिने झाले. पाय दिलास, हात दिलास, त्याची पोच मी तेव्हाच दिली. वाचा दिलेली नाहीस, आणि तुझ्या नावावर ती दिली म्हणून सांगितली जातेय. हे तुला चालतं का? मला चालत नाही. मला मोघम काही नको. आशीर्वाद दे, सांभाळ कर, हे सगळे म्हणतात. मला कुठे खुपतंय ते सांगते. यांना मनातलं बोलता येत नाही, आणि घरात इतकी शांतता आहे की मला ती सोसत नाही. एक शब्द दे. यांचा स्वतःचा. पाणी म्हणू देत, मीठ म्हणू देत, माझ्यावर ओरडले तरी चालेल. पाठ केलेलं नको. आम्ही थांबतो. आमेन मी म्हणत नाही, कारण हे संपलेलं नाही."

त्या खाली बसल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आता तुम्ही."

कुणाला काय करावं कळेना. हॉलमध्ये घड्याळ होतं, ते सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. बाई मनात आकडे मोजत होत्या. वीस झाले. नणंदेने घसा खाकरला. पस्तीसला समोरच्या गृहस्थांनी कळवळून सुरुवात केली, "हे प्रभो, आमच्या या बंधूला..." बाईंनी बोट वर केलं. ते गप्प झाले.

भोंग्याचे ओठ हलले, आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली. भरदार, सरळ, गाडी रुळावर यावी तशी. पहिली ओळ गेली. समोरच्या गृहस्थांचा चेहरा उजळला, तेही पुटपुटायला लागले. दुसरी ओळ निम्म्यावर आली आणि भोंगा थांबला. कुणी थांबवलं नव्हतं. त्याने स्वतःच दात आवळले, मान जोरात हलवली आणि तोंडात आलेली ती प्रार्थना गिळून टाकली. बाईंनी आयुष्यात त्याला स्वतःहून गप्प झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

साठ. सत्तर. त्याच्या कपाळावर घाम आला. बाईंच्या जिभेवर दहा शब्द तयार होते, पाणी, खिडकी, घरी जाऊ या, कुठलाही उचलून त्याच्या हाती दिला असता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, टाचण्या धरल्यासारखे.

त्याने हात उचलला आणि हेडमास्तरांच्या मांडीवरच्या हिरव्या वहीकडे बोट केलं.

"अ..." तो म्हणाला. "अजू... अजून."

कुणी हललं नाही.

"अजून. नाही."

आवाज भरदार नव्हता. चिरका, फाटका, लहान मुलासारखा कच्चा होता. सव्वीस वर्षांत असली घोषणा त्याने केली असती तर स्टँडवाल्यांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. नणंदेने तोंडावर हात दाबला. भोंगा स्वतःच दचकून बायकोकडे पाहत राहिला, आणि बाई पाहत राहिल्या त्याच्याकडे, आणि त्यांना रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही.

हेडमास्तरांनी हिरवी वही उघडली. खिशातून पेन काढून शेवटची ओळ खोडली आणि ते नाव तांबड्या वहीत परत लिहिलं. "शुक्रवारी व्हॅन येईल," ते म्हणाले. मग त्यांनी हिरवी वही बंद केली नाही. ते पानं मागे उलटत राहिले, बरीच मागे, चार वर्षं मागे, आणि तिथली एक ओळ त्यांनी हळूहळू, रेघ सरळ येईल अशी बेताने खोडली. त्या ओळीत कुणाचं नाव होतं ते विचारायची कुणाला गरज नव्हती.

"सर, वहिनींबद्दल काय म्हणायचं असेल ते म्हणा," बाई म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

हेडमास्तरांनी तोंड उघडलं. त्यांना स्तुती आठवेना, कबुली आठवेना, क्रमच आठवेना. "तिला फार दुखत होतं," ते म्हणाले, आणि त्यांच्याने पुढे बोलवेना. कुणीही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.

बऱ्याच वेळाने पाळकसाहेबांनी दारातून डोकावून विचारलं, "झाली का सभा? आमेन म्हणायचं का?"

"नाही," टाचणीबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याचा हात हातात धरून त्यांनी वर पाहिलं. "ऐकलंस ना देवा? दोन शब्द झाले. आता तिसरा."